तामलवाडीची बांगडी

पहाटे पाचला सांगली सोडली तेव्हा डिकीत सगळ्यात वर एक पुठ्ठा ठेवला होता. टीव्हीच्या खोक्याचा, चांगला जाड. "हा कशाला?" विद्यानं, म्हणजे माझ्या बायकोनं, विचारलं. "लागतो प्रवासात," मी म्हणालो. तीस वर्षं आठवीच्या वर्गाला घर्षण शिकवून मी निवृत्त झालो आहे. खोटं बोलताना मला फार विचार करावा लागत नाही, फक्त आवाज वर्गातला लावावा लागतो.

पुठ्ठ्याची खरी गोष्ट अशी. आमच्या अकरा वर्षांच्या गाडीच्या पुढच्या डाव्या चाकामागून महिनाभर तेलाचे थेंब पडत होते. गॅरेजवाल्यानं वाकून पाहिलं आणि सांगितलं, "सर, ऑइल सील गेलंय. गिअरबॉक्समधनं चाकाकडं दांडा जातो ना, त्याच्या तोंडाशी ही रबराची कडी असते. तेल आत धरून ठेवायचं काम तिचं. रबर कडक झालं की गळतं. नवीन टाकू, दोन तासांचं काम आहे." पण त्याला पुढच्या आठवड्याशिवाय सवड नव्हती आणि मला त्याच दुपारी मोबाइलवर एक चौदा मिनिटांचा व्हिडिओ सापडला. त्यातला माणूस गाणं गुणगुणत सील बदलत होता. मग मीही बदललं. मला तीन दिवस लागले, एक नख गेलं आणि शेजाऱ्यांचा हातोडा अजून सापडायचा आहे. शेवटी गाडी दगडांवरून खाली उतरली, तेव्हा तेलकट अंगठा वर केलेला माझा फोटो मी नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकला. खाली लिहिलं, "मनात आणलं की सगळं जमतं." बऱ्याच जणांनी हात जोडले.

दुसऱ्या दिवशी सकाळी फरशीवर पुन्हा थेंब होते. पहिल्यापेक्षा जास्त. हे मी कुणालाच सांगितलं नाही. थेंबांवर पुठ्ठा सरकवला आणि सबंध दिवस गाडीखाली पडून दिसेल तो बोल्ट आवळत राहिलो. त्या बोल्टांचा गळतीशी काडीचा संबंध नव्हता, हे आता मला माहीत आहे.

तो वाया घालवलेला दिवस साधा नव्हता. माझी धाकटी बहीण मंदा लग्न होऊन धाराशिव जिल्ह्यातल्या येरमाळ्याला गेली, त्याला तीस वर्षं झाली. तिच्या मुलीचं, ऋतुजाचं, लग्न होतं. गोरज मुहूर्त, संध्याकाळी सहा पंचेचाळीस. आमच्याकडे मामा भाचीला हाताला धरून मांडवात आणतो. येरमाळ्यालाच झालेल्या मंदाच्या लग्नात नेमकं तेच चुकलं होतं. आमचा मामा मोठ्या तोऱ्यात स्वतःची जीप घेऊन निघाला आणि सांगोल्याजवळ जीप बंद पडली. इकडं मांडवात भटजी "मुलीच्या मामांनी मुलीला आणावं" म्हणून घसा कोरडा करत होते. शेवटी सासरच्या एका शेजाऱ्यानं तिला आणलं. मामा दुसऱ्या दिवशी उगवला आणि म्हणाला, "जीप रस्त्यात टाकून कसा येणार?" त्यावर मंदा तेव्हा काही बोलली नाही. त्यानंतरच्या प्रत्येक दिवाळीला मात्र बोलली.

म्हणून महिन्यापूर्वीच तिचा फोन आला होता. इतक्या वर्षांत तिची बोली पार मराठवाड्याची झाली आहे. "दादा, तू आदल्या दिवशीच ये बघ. माझ्या मामाची जीप अजून सांगोल्यातच हुबी हाय. तुझी तिथं नेऊन लावू नगंस." मी छाती पुढं काढून म्हणालो होतो, "आदल्या दिवशी सकाळी तुझ्या दारात!" आदल्या दिवशी सकाळी मी कुठं होतो ते वर सांगितलंच आहे.

मिरज मागं पडलं, कवठेमहांकाळ मागं पडलं. रस्ता आता असा झाला आहे की झोप लागावी. मे महिना असल्यामुळे सात वाजताच ऊन अंगावर यायला लागलं. सांगोल्याला चहाला थांबलो. विद्या पुढं झाल्यावर मी चपळाईनं चाकाखाली पुठ्ठा सरकवला. चहा घेताना आम्हा दोघांनाही मामाची जीप आठवत होती. निघताना पुठ्ठ्यावर पुरणपोळीएवढा डाग पडला होता. तो आत दुमडून मी पुठ्ठा परत डिकीत टाकला.

"गाडीत लसूण ठेवलाय का कुणी?" मंगळवेढ्याच्या पुढं विद्या म्हणाली. "करपल्यासारखा वास येतोय."

"शेतातून येत असेल," मी म्हणालो. दोन्ही बाजूंना ज्वारी निघून गेलेली काळी रानं मैलोन्‌मैल मोकळी पडली होती. लसणाची पातसुद्धा दिसत नव्हती. गिअरबॉक्सचं तेल तापलं की असाच वास येतो, हे त्या व्हिडिओवाल्यानं सांगितलं होतं.

सोलापूर बाहेरून ओलांडून तुळजापूरच्या रस्त्याला लागलो आणि धाराशिव जिल्ह्यातल्या पहिल्या मोठ्या गावात, तामलवाडीत, गाडी गाऊ लागली. आधी बारीक सूर, मग वरचा. सव्वादहा वाजले होते. समोर एका चिंचेखाली पत्र्याची शेड दिसली. तिच्यावर रंगानं लिहिलं होतं, "येथे पंप, टॅक्टर व सर्व गाड्या रीपेर होतील." शुद्धलेखन सुधारण्याचा मोह मी आयुष्यात पहिल्यांदा आवरला आणि गाडी आत घातली.

शेडचे मालक नागनाथअप्पा साठीचे, डोक्याला पांढरा रुमाल, चष्म्याची एक काडी तारेनं बांधलेली. "या पाव्हणं. कुठनं आलाव?" एवढं विचारून ते सरळ गाडीखाली गेले. खालून आवाज आला, "ही कुनी बसिवली?"

"काय?" मी.

"बांगडी."

मला वाटलं ऐकण्यात चूक झाली. अप्पा बाहेर आले, विद्याकडं पाहून जरा संकोचले आणि मला बाजूला घेऊन हळू आवाजात म्हणाले, "त्याला सील म्हणत्यात. पर आमच्या हिकडं त्वांडात ‘शील’ येतंय बघा. मागं एका बाईला म्या म्हनलं, बाई, तुमचं शील गेलंय. त्यांच्या मालकानं पाना उचलला माज्यावर. तवापास्नं म्या बांगडीच म्हनतो."

अप्पांनी चाक काढलं, दांडा ओढला आणि माझं तीन दिवसांचं कर्तृत्व एका झटक्यात उचकटून हातावर ठेवलं. खरोखर बांगडीएवढी काळी कडी. एका अंगाला आकडे छापलेले, दुसऱ्या अंगाला पातळ ओठासारखी कड आणि तिच्या मागं केसासारखी स्प्रिंग.

"ह्यो व्हट बघा," अप्पा म्हणाले. "ह्याचं त्वांड तेलाकडं पायजे, आत. तुमी आकडे आत आन्‌ व्हट भाईर केलाय. उलटी बसिवली की वो! तेल धरायचं सोडून वाट दावतीय ती त्याला."

"पण आकडे आत असणार ना," मी म्हणालो. "शर्टाचं लेबल आतच असतं."

अप्पांनी चष्मा वर सरकवून मला नीट पाहिलं. "गुरुजी हाव का तुमी?"

"हो."

"व्हय, वाटलंच."

विद्या चिंचेच्या सावलीत अप्पांच्या बायकोजवळ, अनुसयाबाईंजवळ, बसली होती. दोघी इतक्या हसल्या की चिंचेला बांधलेली शेळी दावं ताणून उभी राहिली. "म्हणजे पुठ्ठा यासाठी," विद्या म्हणाली. "मला वाटलं होतं झोपायला घेतलाय." मी चाकाकडं बघत उभा राहिलो. लाज वाटत होतीच, पण त्याहून जास्त भीती वाटत होती. येरमाळा अजून नव्वदएक किलोमीटर होतं.

एकदा उचकटलेलं सील परत बसवत नाहीत. नवं अप्पांकडं नव्हतं. त्यांनी सोलापूरच्या दुकानदाराला फोन लावला. आकडे सांगितले आणि म्हणाले, "बांगडी गाडीवर टाकून दे. लगीनघाई हाय." गाडीवर टाकणं म्हणजे तुळजापूरकडं येणाऱ्या वडापाच्या (माणसं भरून नेणाऱ्या जीपच्या) ड्रायव्हरकडं पुडकं देणं. इकडं औषधं, चष्मे, पंपाचे सुटे भाग, सगळं असंच येतं. आपण रस्त्यावर उभं राहायचं, एवढंच. "जीप लाल हाय. तुमी हुबं ऱ्हावा, म्या तवर एक्सल पुसून ठिवतो," अप्पा म्हणाले.

तेवढ्यात अनुसयाबाईंनी धपाटी (ज्वारी-डाळीच्या पिठाची तिखट, थापून केलेली भाकरी) आणि दही आणलं. मी उभ्यानंच खाल्लं, कारण माझ्याकडं जबाबदारी होती. आयुष्यात मी एवढ्या चवीचं धपाटं खाल्लं नाही आणि एवढं घाईतही खाल्लं नाही.

पावणेबाराला लाल जीप आली. मागच्या फळीवरसुद्धा माणसं. ड्रायव्हरनं इंजिन चालूच ठेवून विचारलं, "बांगडीचं पार्सल तुमचंच का?"

"माझंच, माझंच!"

त्याच्या शेजारी दोन पार्सलं होती. एक वर्तमानपत्रात गुंडाळलेलं पुरीएवढं चपटं पुडकं आणि एक चांगला चौकोनी, सुतळीनं बांधलेला खोका. एवढी महत्त्वाची वस्तू, जिच्यावर माझ्या भाचीचं लग्न अडलंय, ती पुरीएवढ्या पुडक्यात असेल हे मला पटलं नाही. मी हात घालून खोका उचलला. जीप धुरळा उडवत गेली. मी विजयी मुद्रेनं खोका अप्पांपुढं ठेवला आणि सुतळी सोडली.

आत हिरव्यागार काचेच्या बांगड्या होत्या. डझनावारी. खोक्यावर मोठ्या अक्षरात पत्ताही होता, तुळजापूरच्या एका कासाराच्या दुकानाचा. तीस वर्षं मी पोरांना ओरडत आलो, "आधी प्रश्न नीट वाचा!"

अप्पांनी खोका पुन्हा सुतळीनं बांधला. मग म्हणाले, "चूक माजीबी हाय. शील म्हनलं असतं तर बरं झालं असतं." ड्रायव्हर फोन उचलत नव्हता, घाटात चालवताना तो उचलत नाही म्हणे. म्हणजे आमचं सील आता तुळजापूरच्या कासाराकडं चाललं होतं. सोलापूरहून दुसरं मागवायचं तर दुकानदाराकडं त्या मापाचं तेवढं एकच होतं.

"मी आणतो," मी म्हणालो. खोका उराशी धरून मी पुढच्या एसटीत चढलो. शेजारी कवड्यांची माळ घातलेल्या एक आराधीणबाई (देवीच्या सेवेला वाहिलेल्या) होत्या. "बांगड्या हाईत व्हय? मग मांडीवर घिऊन बसा, घाटात धक्का बसंल," म्हणाल्या आणि स्वतः आक्रसून मला जागा दिली. बस बालाघाटाची चढण चढू लागली. खाली सोलापूरचा सपाट मुलूख उन्हात पांढरा पडला होता. प्रत्येक वळणावर खोक्यातून किणकिण येई आणि अख्खी बस माझ्याकडं कौतुकानं बघे. कुणाच्या तरी डोहाळजेवणाला निघालेला हौशी आजोबा दिसत असणार मी.

तुळजापुरात उतरलो तर एकच्या उन्हातही गर्दी. हळदीकुंकवाचे ढीग, परड्या, पोतं भरून लाह्या, "आई राजा उदो उदो" चा गजर. दर्शनाच्या रांगेला वेळ नव्हता. लांबूनच कळसाला हात जोडायला गेलो, तर हातात खोका. मग नुसती मान वाकवली आणि मनात म्हणालो, आई, अक्कल देतेस तर आजच दे.

दुकान सापडलं. गादीवर नऊवारीतल्या कासारीणबाई एका गिऱ्हाइकाचा हात दाबून बांगड्या भरत होत्या आणि त्यांच्यासमोर पाटावर माझं सील ठेवलेलं होतं. चारपाच बायका गोलाकार बसून ते बघत होत्या.

"मावशी, ते माझं आहे," मी म्हणालो.

"तुमचं?" मावशींनी सील दोन बोटांत धरून वर केलं. "सव्वादोनचं माप हाय. पर ही काळी बांगडी कुन्या लेकीला भरायची म्हनं? आमी तर इचार करून दमलो. ही म्हनती म्हशीच्या शिंगाला घालत्यात."

मी खोका दिला. त्यांनी एकेक डझन कानाशी हलवून पाहिला. एकही फुटली नव्हती, याचा मला आजही अभिमान आहे, कारण त्या दिवशी धड झालेलं माझं ते एकमेव काम. मग मी सगळी हकीकत सांगितली. बायका पदर तोंडाला लावून हसत होत्या. मावशी मात्र मध्येच थांबल्या.

"मुहूर्त कवाचा हाय?"

"सहा पंचेचाळीस. येरमाळ्याला."

"आन्‌ मामा कोन?"

"मीच."

"मग तुमी हितं काय करालाव?"

मी हसलो. त्या हसल्या नाहीत. त्यांनी हिरव्या बांगड्यांतला एक डझन कागदात बांधून माझ्या हातावर ठेवला. "नवरीला द्या. तुळजापूरच्या मावशीनं दिल्या म्हनून सांगा. आन्‌ निगा आता."

बसस्थानकावर आलो तेव्हा पावणेदोन झाले होते. एका बाजूला सोलापूरकडं जाणारी वडाप जीप भरत होती, तामलवाडीवरून जाणारी. दुसऱ्या बाजूला बीडकडं जाणारी एसटी उभी होती, धाराशिव करून येरमाळ्यावरून. मी जीपकडं चालू लागलो आणि फोन वाजला. विद्या होती.

"मिळालं?"

"मिळालं. आलोच मी."

"येऊ नका," ती म्हणाली. "सील जीपवर टाकून द्या आणि तुम्ही तिथूनच येरमाळ्याला जा."

"काहीतरीच काय! आणि गाडी?"

"गाडी झाली की मी आणते."

"तू?"

"मी. नाही झाली तर मी इथं राहीन. काकू धपाटी करतात छान. पण मामानं राहून चालणार नाही."

"विद्या, हे बघ, गाडी मी बिघडवली. आता गाडी रस्त्यात टाकून कसा जाणार..."

वाक्य तोंडातून पुरतं बाहेर पडायच्या आधीच मला ऐकू आलं. ते माझं नव्हतंच. ते आमच्या मामाचं होतं, जसंच्या तसं. तीस वर्षं आम्ही घरात ‘जीप बंद पडली, बिचारा काय करणार’ म्हणत आलो. सांगोल्यावरून तेव्हाही एसटी जात होत्या. चांगल्या दर तासाला जात होत्या. मामाला जीप सोडवली नव्हती. लोक काय म्हणतील, स्वतःची गाडी मिरवत निघाला आणि एसटीनं आला! मीही आता त्याच कारणासाठी उलट्या दिशेच्या जीपकडं निघालो होतो. ग्रुपवरचा तो अंगठा मला डोळ्यांपुढं दिसला.

"ऐकताय ना?" विद्या म्हणाली.

"जातो," मी म्हणालो.

जीपच्या ड्रायव्हरला सील दिलं. देण्याआधी पुडक्यावर पेननं ठळक लिहिलं, "ऑइल सील. बांगडी नव्हे. नागनाथअप्पा, तामलवाडी." तो वाचून म्हणाला, "मंजे बांगडीच की." मी वाद घातला नाही.

एसटीत उभ्यानं जागा मिळाली. धाराशिव आलं, तिथं अर्धी बस उतरली आणि तेवढीच चढली. मग माळरानं, मधूनच एखादा हिरवा मळा, उतरणीला लागलेली गुरं. माझ्या एका हातात बांगड्यांचं पुडकं, दुसऱ्या हातानं वरचा दांडा धरलेला. आपण स्वतःच पार्सल झालोय आणि कुणीतरी आपल्याला गाडीवर टाकून दिलंय, असं वाटत होतं. तसं वाटून बरंही वाटत होतं, कारण पार्सलला काही ठरवावं लागत नाही.

पाचच्या सुमाराला येरमाळ्याच्या फाट्यावर उतरलो आणि चालत मांडवाशी गेलो. मंदा दारातच होती. तिनं माझ्या मागं पाहिलं, गाडीसाठी. गाडी दिसली नाही. तिचा चेहरा उतरला आणि मग तिच्या लक्षात आलं की मी समोर उभा आहे.

"यष्टीनं आलास?" तिनं विचारलं.

"एसटीनं आलो."

"तू? यष्टीनं?" तिनं माझे दोन्ही हात धरले. आदल्या दिवशी चाकाशी केलेली लुडबुड नखांत काळी बसली होती. ती हळदीच्या परातीतलं उरलेलं तेल घेऊन तिथंच, सगळ्या पाहुण्यांसमोर, माझे हात खसाखसा चोळत बसली. नखांतलं काळं गेलं नाही. हात पिवळे मात्र झाले.

सहा वीसला मांडवाबाहेर हॉर्न वाजला. एकदा, दोनदा, मग लांबलचक. आमची गाडी आली होती. चालवत होती विद्या, शेजारी अनुसयाबाई डोक्यावर पदर घेऊन ताठ बसलेल्या. "एकटीला कसं सोडायचं? आन्‌ येडाईला (येरमाळ्याच्या येडेश्वरी देवीला) येऊन लई दिस झालं हुतं," त्या उतरता उतरता म्हणाल्या. मी धावत जाऊन गाडीखाली वाकलो. विद्यानं माझी कॉलर धरून मला उभं केलं. "आधी भाचीकडं बघा."

"तू कधी शिकलीस एवढं चालवायला?"

"तुम्ही दुपारी झोपता तेव्हा."

भटजींनी पुकारा केला, "मुलीच्या मामांनी मुलीला मांडवात आणावं." ऋतुजाच्या हातात मावशींच्या हिरव्या बांगड्या होत्या. तिचा मेंदीचा हात माझ्या पिवळ्या-काळ्या हातात आला. माझा पाय सतरंजीच्या कडेत अडकला. "मामा, पडाल," ती कुजबुजली आणि मी तिला आणलं की तिनं मला आणलं हे मला नक्की सांगता येत नाही. अंतरपाटापलीकडं मंदा उभी होती. ती नवरदेवाकडं बघत नव्हती, लेकीकडंही नाही. ती माझ्याकडं बघून रडत होती.

जेवणं झाली. येसर आमटी (भाजलेल्या धान्या-डाळींच्या पिठाची, लग्नातली झणझणीत आमटी) भुरकताना नाकाडोळ्यांतून पाणी येत होतं, त्यामुळं बोलणं सोपं गेलं. "मंदे," मी म्हणालो, "मामाला त्या दिवशी एसटीनं येता आलं असतं गं."

"ठाऊक हाय मला," ती म्हणाली. "तवाच ठाऊक हुतं." आणि तिनं माझ्या ताटात आणखी भात वाढला.

दुसऱ्या दिवशी सकाळी गाडीखाली वाकून पाहिलं. जमीन कोरडी. पुठ्ठा शोधला तर आचाऱ्यानं चुलीला वारा घालायला नेला होता. परतताना अनुसयाबाईंना तामलवाडीत सोडलं. अप्पांनी माझं उलटं सील कापडानं पुसून माझ्या हातात दिलं. "ठिवा आठवन. आन्‌ बाईंना म्हनावं, गाडी झ्याक चालिवत्यात." चालवणारी शेजारीच बसली होती, पण निरोप माझ्याकडंच दिला.

सांगोल्याला विद्यानं चहासाठी गाडी थांबवली. त्याच टपरीवर. मंदाचा फोन आला, "कुठवर गेलाव?"

"सांगोल्यात आहोत."

मग तिनं विचारलं, "मामाची जीप हाय का रं तिथं?"

मी रस्त्याच्या दोन्ही बाजूंना बघितलं. अगदी नीट, प्रश्न दोनदा वाचल्यासारखं.

"नाही गं," मी म्हणालो. "काल नेली कुणीतरी."

ती हसली की रडली, फोनवर कळलं नाही. विद्यानं हॉर्न दिला. मी चहा अर्धा टाकला आणि डाव्या बाजूच्या सीटवर जाऊन बसलो.